चालूच न केलेल्या क्रेडिट कार्डाचं बिल

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या मुलाने मला 'लाइफटाइम फ्री' कार्ड घ्यायला लावलं. टार्गेटपायी काकुळतीला आलेला पोरगा, मला नाही म्हणवेना. कार्ड घरी आलं ते कपाटात गेलं. वापरणं सोडाच, मी ते चालूसुद्धा केलं नाही.

तरी बिल आलं. ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि १८ टक्के जीएसटी, मिळून ५८८ रुपये ८२ पैसे. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, रिव्हर्स होईल, कार्डही बंद करते." मी निर्धास्त झाले, तक्रार क्रमांक मागितला नाही. माझी चूक झाली ती इथे. पुढे लेट फी, व्याज, त्यावर पुन्हा जीएसटी. वसुलीवाल्यांनी माझ्या सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना फोन करून "तुमची सून पैसे बुडवते" म्हणून सुनावलं. घरच्यांना असा त्रास द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे तेव्हा माहीत असतं तर! घरकर्ज मागायला गेले तेव्हा सिबिलवर, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, थकबाकीची नोंद निघाली.

मग रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे २०२२ चे निर्देश वाचून काढले. ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत खातं विनाशुल्क बंद करायचं. आणि कार्ड चालू होण्याआधी सिबिलसारख्या संस्थांना माहिती कळवायचीच नाही. माझ्या बाबतीत यातलं काहीच पाळलं नव्हतं.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून ओटीपी संमतीचा पुरावा मागितला. ३० दिवस उत्तर नाही, तेव्हा 'सीएमएस' या रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या पोर्टलवरून तिच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. फी नाही, वकील नाही. ग्राहक आयोगाचीही वाट आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण तेच प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवा.

"पाचशे रुपयांसाठी कशाला डोकं खपवतेस?" असं सगळे म्हणत होते. शेवटी बँकेने बाकी शून्य केली, सिबिलची नोंद काढली. तोवर आम्ही बघून ठेवलेला फ्लॅट बिल्डरने दुसऱ्याला दिला होता.