पीक फेरपालट सल्ला सेवा : निफाडच्या शेतातील अनुभव
निफाड तालुक्यातील आमच्या शेतात सलग गहू घेतल्यामुळे जंगली ओट इतके माजले होते की, कोवळेपणी गव्हासारखेच दिसणारे ते गवत निंदणीला येणाऱ्या अनुभवी बायकांनाही ओळखता येत नसे. नाशिकच्या एका कृषी सेवा केंद्रातील सल्लागारांनी तणनाशक विकण्याची संधी असतानाही रब्बीत हरभरा आणि पुढच्या वर्षी कांदा घेऊन मगच गव्हाकडे वळण्यास सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते. हरभऱ्याच्या ३० सेंटीमीटर अंतराच्या ओळींत कोळपे (ओळींमधले तण काढण्याचे अवजार) चालते, शिवाय गव्हासारख्या गवतवर्गीय नसलेल्या त्या पिकात गवत चटकन नजरेस पडते आणि बी धरण्यापूर्वी उपटता येते. यंदा गव्हात तण स्पष्टपणे कमी आहे. सल्लागारांची शेतभेट मात्र दोनदा लांबली, त्यामुळे पहिली कोळपणी उशिरा झाली.