भाचीची दोन स्थळं: बँकवाल्यांचं घर की वरकमाईवाल्यांचं?

भाचीला दोन स्थळं आलीयत आणि आपाची (माझ्या मोठ्या बहिणीची) झोप उडालीय, म्हणून वाचून आणि मौलानांना विचारून जे कळलं ते इथे लिहितेय, अजून कुणी याच पेचात असेल तर उपयोग होईल.

पहिल्या बायोडेटात वडील निवृत्त बँक मॅनेजर, मुलगा सिव्हिल इंजिनिअर, पगार स्वतःचा. दुसऱ्यात वडील सरकारी नोकरीत, मुलगा वडिलांनी घालून दिलेल्या दुकानात बसतो. घर तीन मजली, ते पगारातून उभं राहिलं नाही हे अख्ख्या गावाला माहितीय, मुलाचे वडील स्वतःच 'वरच्या' कमाईचं, म्हणजे लाचेचं, बोलतात. तरी नातेवाइकांची नापसंती फक्त पहिल्यालाच, बँकेची कमाई व्याजाची आणि व्याज हराम म्हणून, याचं मला फार वाईट वाटतं.

बँकेबद्दलच्या आक्षेपाला आधार आहे हे मान्यच. जानेवारी २०१८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाला एकाने विचारलं होतं की बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या घरातून स्थळं येतायत, काय करू, तर उत्तर आलं की टाळलेलं बरं, दीनदार (धर्म पाळणारं) घर बघा. शिवाय सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि दोन साक्षीदार सगळ्यांवर लानत (शाप), म्हणजे मॅनेजरची खुर्ची काही हलकी नाही. पण नीट वाचा, टाळा म्हटलंय, निकाह होतच नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

आता दुसरी बाजू. पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद रजि. यांना एकाने विचारलं, शेजारी व्याज खातो आणि जेवायला बोलावतो, जाऊ का? ते म्हणाले, खाणं तुझं, गुनाह त्याचा. आणि एकाचं ओझं दुसरा उचलणार नाही हे तर कुरआनातच आहे (६:१६४). हनफी पंथाचे उलमा (धर्मपंडित) बघतात की घरातली जास्त कमाई हलाल आहे की हराम. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, आमच्याकडे हराम जास्त असेल तर तिथलं खाणं-घेणं मकरूह (नापसंत, टाळावं असं) म्हणतात, हराम तेव्हाच जेव्हा समोरची तीच वस्तू हरामची आहे हे पक्कं माहीत असतं.

लाचेचं मात्र वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर, कारण तो पैसा घेणाऱ्याचा होतच नाही, ज्याचा त्याला परत द्यायचा, माणूस सापडला नाही तर गरिबांना. मग त्या पैशावर उभं राहिलेलं दुकान आणि त्याच दुकानावर भाचीचा रोजचा डबा, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. हनफी किताबांत बायकोला सवलत आहे की नवऱ्याने अशा पैशातून किराणा, कपडे विकत आणून दिले तर तिने घ्यावेत, गुनाह नवऱ्याचा. पण मला वाटतं ती अडकलेल्या बाईसाठी, आपण तर अजून उंबऱ्याच्या बाहेर उभे आहोत.

म्हणून माझं मत इंजिनिअरकडे. मुलाने वडिलांची नोकरी निवडली नव्हती, त्याच्या पगारात खोट नाही. फक्त लग्नानंतर स्वयंपाकघर कुणाच्या पैशावर चालणार, वडिलांच्या पेन्शनवर की मुलाच्या पगारावर, हे विचारायलाच हवं, त्यात लाज कसली. आपा उद्या फोन करणारे. मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) मुलाच्या स्वतःच्या कमाईतून, रोख, आणि आमच्याकडून जहेज (हुंडा) काही नाही, हे पहिल्याच फोनवर बोलून घे म्हटलंय तिला.