जुनी स्पोर्टफिशिंग बोट: खोल व्ही बूड घ्यावं की सपाट पिछाडी?

31 फुटी बर्ट्रम ही या जातीतली जुनी मातब्बर. बोटींचे रचनाकार रे हंट यांच्या खोल व्ही बुडाच्या, म्हणजे तळ व्ही अक्षरासारखा असलेल्या, 'मॉपी' बोटीने 1960 साली मायामी-नासाऊ शर्यत मारली आणि पुढच्याच वर्षी ही बोट बाजारात आली. पिछाडीलाही बुडाचा उतार सुमारे 24 अंश. तिच्यासमोर उभी असते ती नाळेला (पुढच्या टोकाला) धारदार पण मागे जवळजवळ सपाट, 26-28 फुटी आउटबोर्ड (मागे बाहेर मोटर टांगलेली) बोट.

समोरची लाट कोण छान कापतं, हा प्रश्न कोकणात दुय्यम. पहाटे मतलई वाऱ्यावर निघताना पाणी बहुधा शांत असतं. दुपारी वायव्येचा वारा चढतो तेव्हा आपण परतीला असतो आणि लाट मागून, तिरकी येते. ती सपाट पिछाडीला उचलते, धारदार नाळ रुतते आणि बोट आडवी फिरू पाहते. खोल व्ही इथे सरळ चालते. मात्र सुरमईसाठी सहा-सात नॉटने गळ ओढताना तीच बोट डोलून जीव काढते. पाहुण्यांना बोट लागणार, हे धरूनच चाला.

खोल व्ही ही शाफ्टवाली बोट, म्हणजे इंजिन आत आणि दांड्यावरचा पंखा बुडाखाली. ती साधारण 3 फूट पाणी मागते. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा असेल तर ओहोटीला लाटेच्या खळग्यात आधी पंखा टेकतो. आउटबोर्ड थोडं वर उचललं की दीड-दोन फुटांत आत येता येतं.

डिझेल इंजिन पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे ताशी 0.2 लिटरच्या आसपास पितं. पेट्रोल आउटबोर्ड बरंच जास्त. पण जुन्या डिझेलचा एक्झॉस्ट एल्बो (धुराच्या नळीचं वळण) उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. गरम धूर आणि खारं पाणी तिथे एकत्र येतं, तो आतून कुजतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. चाचणीला इंजिन थंडच हवं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर ठीक. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पूर्ण थ्रॉटलला ठरलेल्या आरपीएमपेक्षा 200 कमी पडले तर आधी बूड आणि पंखा खरवडून पुन्हा पाहा, मग इंजिनावर संशय घ्या.

आउटबोर्ड बोटीत जीव ट्रान्समचा, म्हणजे मोटर टांगतात त्या मागच्या फळीचा. मोटर उचलून तिच्या पायावर भार द्या. ट्रान्सम हलला किंवा कोपऱ्यात तडे दिसले तर आतलं प्लायवूड गेलं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा: टणक आवाज बरा, बद्द आवाज वाईट. खोल व्हीमध्ये हीच ठोकाठोक इंजिनाखालच्या स्ट्रिंगरवर (बुडातल्या लांब आधाराच्या पट्ट्यांवर) करा.

पावसाळ्यापूर्वी दोन्ही बोटी वर काढाव्या लागतात. आउटबोर्ड बोट ट्रॅक्टर ट्रेलरवर ओढतो. पाच टनांच्या घरातल्या खोल व्हीला क्रेन हवी, आणि ती जेट्टीपर्यंत पोचते का ते आधी जाऊन पाहा.