मराठवाड्यात रबर: केरळचं झाड की मेक्सिकोचं झुडूप?

दोडामार्गला रबराच्या बागा बघून आलेला भाचा म्हणाला, "मामा, आपणही लावू." लाव म्हटलं, पण पाणी कुठून आणतोस?

नेहमीचं रबराचं झाड म्हणजे हेविया. त्याला वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस लागतो, तोही बराचसा विभागून. आपल्याकडं बरं वर्ष असलं तरी ७००-८००, नि तो चार महिन्यांत उरकतो. कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेचं पालघर जिल्ह्यात दापचरीला केंद्र आहे. तिथला पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. तरी लांब उन्हाळ्यात हेविया कसं तगतं, हाच तिथल्या अभ्यासाचा विषय. वर चीक सुरू व्हायला सातेक वर्षं. तोवर खायचं काय?

दुसरा पर्याय ग्वायुले. मेक्सिको-टेक्ससच्या वाळवंटी पट्ट्यातलं गुडघ्याएवढं झुडूप, ३००-४०० मिलिमीटरवरही जगतं. याला काप देऊन चीक वाहत नाही. रबर सालीच्या पेशींत अडकलेलं असतं, म्हणून दोनेक वर्षांनी अख्खं झुडूप कापून दळावं लागतं. १९४२ मध्ये जपाननं आग्नेय आशियातले मळे घेतल्यावर अमेरिकेनं हेच लावलं होतं.

मात्र पाणी धरणाऱ्या काळ्या रानात त्याची मुळं कुजतील. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर पाच-दहा गुंठे करून बघावं, इतकंच. ऊस कारखान्याला जातो. हे दळणार कोण? माझ्या ऐकण्यात तरी जवळपास कुणी नाही.

हेविया मात्र नकोच. भाच्यानं यंदा तूरच पेरलीय.