फेझंटची शिकार: कुत्र्याशिवाय एकट्याने, की कुत्री असलेल्या टोळीबरोबर?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंटचा, म्हणजे कोंबड्यासारख्या लांब शेपटीच्या रानपक्ष्याचा, हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि 31 जानेवारीपर्यंत चालतो. मारायचे फक्त नर, माणशी दिवसाला तीन. ज्याच्याकडे शिकवलेला कुत्रा नाही, त्याच्यापुढे दोन वाटा असतात: सार्वजनिक जमिनीवर एकट्याने फिरायचं, नाहीतर कुत्री असलेल्या एखाद्या टोळीत जायचं. माझा कल एकट्याने जाण्याकडे आहे, पण एक अट घालून. पडलेला पक्षी हाती लागेल अशीच जागा असेल, तरच बार टाकायचा.

टोळीचं बळ हाक्यात आहे. सात-आठ जण रांगेने गवतातून निघतात, मध्ये कुत्री, आणि दोघं-तिघं शेताच्या पलीकडच्या टोकाला वाट अडवून उभे. मैलभर पसरलेलं गवत किंवा कापणीला आलेला मका असाच हाकता येतो. एकटा माणूस तिथे शिरला, तर नर उडायच्या भानगडीत पडत नाही. मान खाली घालून पळत बाजूने निसटतो आणि तुमच्या मागे जाऊन बसतो. ऑक्टोबरात मका उभा असताना एकट्याच्या हाती फारसं काही लागत नाही, ते यामुळेच.

कापणी उरकली आणि पहिला बर्फ पडला की पारडं बदलतं. पक्षी झाडांच्या पट्ट्यांत, बांधावरच्या गवतात, पाणकणसाच्या डबक्यांत गोळा होतात. एकट्याने अशा अरुंद, छोट्या जागा धराव्यात. वारा समोरून घ्यावा, गाडीचं दार आपटू नये. वीस-तीस पावलं चालावं आणि मिनिटभर थांबावं. दडलेल्या नराला पावलांचा आवाज सोसतो, ती शांतता सोसत नाही. पुष्कळदा तुम्ही थांबलात की मगच तो फडफडत, ओरडत वर येतो. पट्टा जिथे संपतो, तिथे सर्वांत जास्त वेळ थांबा. पुढे आडोसा नसल्यामुळे पळत आलेले पक्षी तिथेच अडलेले असतात. ताज्या बर्फात माग स्पष्ट दिसतो आणि पक्षी घट्ट बसून राहतात.

पण कुत्र्याची खरी उणीव भासते ती पक्षी उठवताना नव्हे, पडल्यावर. नुसता पंख मोडलेला नर जमिनीला टेकताच धावत सुटतो आणि उंच गवतात शिरला की माणसाच्या डोळ्यांना सापडणं कठीण. जखमी पक्षी तसाच सोडून येणं मला मुळीच मान्य नाही. या बाबतीत टोळी निर्विवाद सरस आहे. चांगला लॅब्रॅडॉर वासावरून पळालेला पक्षीही शोधून आणतो. एकट्याने तीसेक यार्डांच्या आतच बार टाकावा, तोही पक्षी आखूड गवतात, धसकटांत किंवा बर्फावर पडणार असेल तरच. पाणकणसाच्या दाट रानावरून जाणारा नर कितीही सोपा वाटला तरी जाऊ द्यावा. पक्षी पडला की नजर न हलवता सरळ त्या जागी जायचं, तिथे टोपी ठेवायची आणि तिच्याभोवती फेर वाढवत शोधायचं. तो सापडेपर्यंत दुसऱ्यावर बार नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर टोळीत खालून उडणाऱ्या पक्ष्यामागे बंदूक फिरली की समोरचा माणूसच टप्प्यात येतो. नारिंगी जाकीट आणि कडक शिस्त यांना तिथे पर्याय नाही. एकट्याला धोका थंडीचा आणि डबक्यावरच्या कच्च्या बर्फाचा. कुठे जातो आहोत हे घरी सांगूनच निघावं.

खर्चात एकट्याची वाट स्वस्त पडते. पैसे भरून खासगी राखीव रानात जाता येतं, कुत्री आणि वाटाड्या तिथलेच. पण तिथे बहुधा पाळून सोडलेले पक्षी असतात. रानातला नर हवा असेल, तर तो पर्याय मी सुचवणार नाही.

दोन्ही वाटांना लागू असलेल्या काही गोष्टी. केंद्र सरकारच्या पाणपक्षी क्षेत्रांत शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी किंवा दुसरे बिनविषारी घ्यावे लागतात. मारलेला पक्षी नर आहे हे ओळखू यावं, म्हणून वाहून नेताना डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख तसाच ठेवावा लागतो. आणि एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. त्यामुळे मित्राची बंदूक हातात घेण्याआधी तो परवाना खिशात हवा.