पोलीस कागदांचा ‘एआय सारांश’: माझे ६८,१०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणाऱ्या मराठी मंडळींनी, त्यातही ज्यांच्याकडे ज्युनियर टिकत नाही अशांनी, हे वाचाच. एक तरुण चेंबरमध्ये येतो. स्वच्छ मराठीत ‘काका’ म्हणतो, गणेशोत्सवात भेटल्याची ओळख काढतो आणि लॅपटॉप उघडतो. फिर्याद, जबाब, पंचनामे, आख्खं चालान (पोलिसांचं दोषारोपपत्र) स्कॅन करून द्या, एआय दोन पानांत सार काढून देईल म्हणतो. मी त्याला वर्षाची वर्गणी ३५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,३०० दिले. मग हाताने लिहिलेली हिंदी वाचायला वेगळी सोय लागते म्हणून ११,८००. मग फायलींसाठी स्वतंत्र सर्व्हर, अनामत आहे, परत मिळेल, म्हणून १५,०००. एकूण ६८,१००. आता फोन बंद, संकेतस्थळ बंद आणि पावतीवरच्या पत्त्यावर शिवणकामाचा क्लास.

‘वकील असून फसलात?’ असं मला बाररूममध्ये तोंडावर विचारलं गेलं. विचारणाऱ्यांनी शेवटचं चालान पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कधी वाचलं ते आधी सांगावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली आरोपीला मिळणारी चालानाची नक्कल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात हवालदाराचं अक्षर, ‘हस्ब जैल’ (खालीलप्रमाणे) आणि ‘मुस्तगीस’ (फिर्यादी) असे जुने फारसी-अरबी शब्द. आपल्या मध्य प्रदेशात तर देहाती नालिशी (जागेवर घेतलेली तक्रार) वेगळी, असल कायमी (ठाण्यात क्रमांक पडून नोंदलेला गुन्हा) वेगळी, मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) वेगळा. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडेही बदलले. जुन्या गुन्ह्याला भादंवि, नव्याला भारतीय न्याय संहिता. अडीचशे पानं संध्याकाळी हातात पडतात आणि सकाळी जामिनावर उभं राहायचं असतं. अशा माणसाला कोणी हात पुढे केला तर तो धरणारच.

मी डोळे झाकून पैसे दिलेले नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, ते मला ठाऊक होतं. म्हणून पहिला प्रश्न तोच केला. तो म्हणाला, ‘काका, आम्ही निवाडे देतच नाही. तुमच्या कागदावर जे आहे तेवढंच सार.’ मला ते पटलं. खोटा निवाडा शोधून पकडता येतो. पण माझ्याच फायलीतली हकिगत हे यंत्र मनाने रचेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असतं?

आणि तरी ते समोर आलं होतं. याचाच संताप अजून जात नाही. चाचणीसाठी मी मारहाणीची एक जुनी फाईल दिली होती. तिच्यातलं जप्ती पत्रक झेरॉक्स काढताना सरकलेलं. डावी बाजू काळीकुट्ट, उजवीकडे शब्दांची शेपटं, खाली दोन पंचांच्या सह्या आणि ठाण्याचा अर्धा शिक्का. त्या पानावर मालाचं वर्णन कोणालाच वाचता येणार नाही. सारांशात मात्र स्वच्छ लिहिलेलं: ‘आरोपीच्या ताब्यातून अकरा इंची पात्याचा चाकू जप्त.’ मी त्याला तिथेच विचारलं, हे कुठून वाचलंस? तो म्हणाला, ‘मशीनला काळ्याखालचंही दिसतं.’ मूळ रेकॉर्ड काढून तो चाकू ताडून पाहायचा, एवढंच काम होतं. पण त्याच फायलीतली टाईप केलेली पानं त्याने बरोबर वाचली होती, नावं, तारखा, वेळा सगळं जुळत होतं, आणि यंत्र माणसापेक्षा बारीक पाहतं हे आपण रोज ऐकतो. कोणीही मान डोलावली असती. अकरा इंच! तो आकडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

कुठलंही असं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याला तुमच्याकडचं सगळ्यात वाईट पान द्या. ‘वाचता येत नाही’ असं उत्तर आलं नाही तर विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा.

पुढे एका जामीन अर्जात सारांश सांगत होता की फिर्यादीच्या जबाबात माझ्या पक्षकाराच्या, एका तरुण मुलाच्या, हातात काही नव्हतं. माझ्या नकलेत ती ओळ घडीवर येऊन पुसली गेलेली. मी तसं मांडलं. सरकारी वकिलांनी पोलिसांच्या केस डायरीतून मूळ जबाब वाचला: ‘हाथ में लोहे की रॉड.’ अर्ज फेटाळला गेला. मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती, तिला मी काय सांगणार?

त्या रात्री जुने सारांश पुन्हा काढले, तर एकाच्या तळाशी ओळ सापडली: ‘आप चाहें तो मैं इसे और संक्षिप्त कर सकता हूँ.’ म्हणजे माझे कागद कुठल्या तरी फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून उत्तर चिकटवलं जात होतं. सर्व्हर नाही, हस्तलिखिताची सोय नाही, काहीच नाही.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट हीच. त्या फायलींत पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचं, एक प्रकरण होतं. मुलीचं नाव, शाळा, पत्ता. नाव उघड करण्याची बंदी न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे, पॉक्सोच्या कलम २३ मध्येही आहे. ते कागद पुसून टाक असं मी लिहून कळवलं, उत्तर आलं नाही. ‘एफआयआर तर पोलीसच ऑनलाइन टाकतात’ असं तो आधी म्हणाला होता. एफआयआर टाकतात, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर त्यातून वगळले. आणि चालान सार्वजनिक करता येणार नाही, हे जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं. पक्षकाराचं नाव, गाव, फोन काळं केल्याशिवाय एकही पान बाहेर देऊ नका.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात पहिलं वाक्य, ‘आपने खुद दिए ना पैसे? सर्विस भी मिली.’ दिवाणी मामला ठरवून मोकळे. मी न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ सांगितलं तर सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी रक्कम ऐकली आणि ठाण्यात जा म्हणाले. लेखी अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. पोच! ज्या ठाण्याच्या कागदांवर मी आयुष्य काढलं, तिथे माझ्या अर्जावर शिक्का मारायला हात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने अर्ज पाठवला, त्याचं उत्तर नाही. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केला. वकिलाची ही गत, तर पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ही माणसं कशी वागवत असतील?

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम कुठल्या तरी बँक खात्यात आहे तोवरच ती गोठवता येते. यूपीआयवर कंपनीऐवजी कोणा व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. मला दिसलं होतं, पण अर्ध्या बाजाराची खाती मालकाच्याच नावावर असतात. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. माझ्या पावतीवरचा रद्द झालेला निघाला, म्हणजे ते ६,३०० सरकारजमा होणारच नव्हते.

पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा, त्याच संहितेच्या कलम १७५ (३) चा, दंडाधिकाऱ्यांपुढे करायचा अर्ज आता तयार आहे. याच माणसाला आपल्या कोर्टातल्या आणखी काही वकिलांनी पैसे दिलेत, मला दोघांची नावं कळली आहेत आणि दोघेही लाजेने गप्प आहेत. एकट्याच्या ६८,१०० ला कोणी हात लावत नाही. पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि त्याचे संदेश घेऊन या, एकाच अर्जात सगळ्यांची नावं घालू.