‘अ‍ॅल्युमिनियम’च्या ब्रेसला मॅग्नेट चिकटलं

फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट गाडीच्या ब्रेसला, म्हणजे सांगाडा ताठ धरायला खालून लावलेल्या आडव्या पाइपला, खटकन चिकटलं, तेव्हा कळलं की तो लोखंडी आहे आणि साडेसहा हजार पाण्यात गेले. तेही दोन पावसाळे उशिरा.

माझी जुनी सेडान ताम्हिणीच्या वळणांवर डुलते, म्हणून खालून लोअर ब्रेस बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. नाना पेठेतल्या एका दुकानदारानं चंदेरी ब्रेस पुढे ठेवला. “साहेब, ६०६१ ग्रेडचं अ‍ॅल्युमिनियम. गंज हा विषयच नाही.” उचलून पाहिला तर चांगलाच जड. मी खूश, म्हटलं दणकट आहे! अ‍ॅल्युमिनियमचं वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतं, हे शाळेत शिकलो होतो. दुकानात शाळा आठवत नाही. पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा, म्हणून चिठ्ठीवर भागवलं: ‘ब्रेस, १ नग’.

मग दोनदा दिवेआगर झालं. परवा कोथरूडच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली आणि मेकॅनिकनं हाक मारली, “दादा, जरा इकडं या.” पावडर कोटिंग लांबून चकचकीत, पण बोल्टच्या वॉशरभोवती फोड आलेले. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापुद्रा सुटला आणि पाइपमधून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. पाइपच्या तोंडांना प्लॅस्टिकची बुचं, आत कोटिंगचा पत्ता नाही, पाणी निघायला भोकही नाही. दुकानातल्या पोरानं गननं बोल्ट आवळताना कोटिंग खरवडलं होतं. गंज तिथूनच शिरला, समुद्राच्या खाऱ्यानं तो वाढवला.

ब्रेस भंगारात गेला असता तर एक वेळ सोसलं असतं. पण बोल्ट गंजून असा धरला होता की चासीच्या आतला वेल्ड केलेला नटच सुटून गरगर फिरायला लागला. ग्राइंडर, नवा नट, वेल्डिंग, वरून अँटी-रस्ट: आणखी ४,२०० रुपये.

मेकॅनिक म्हणाला, खरं अ‍ॅल्युमिनियम असतं तरी नुसतं ठोकून चालत नाही. ते लोखंडी चासीला उघडं टेकलं आणि मध्ये खारं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. स्टेनलेसचं उलटं, रंग उडालेल्या जागी चासीच खाल्ली जाते. म्हणून जोडावर आधी प्रायमर लागतो.

दुकानदाराला गाठलं. “समुद्रावर गाडी तुम्ही नेलीत ना? आणि चिठ्ठीवर अ‍ॅल्युमिनियम लिहिलंय का कुठं?”

नव्हतंच. तेव्हा घ्यायला जाल तर खिशात मॅग्नेट ठेवा, बूच काढून मोबाइलच्या टॉर्चनं पाइपच्या आत बघा आणि धातूचं नाव बिलावर लिहून मागा. लिहायला का-कू केली तर सरळ उठा.

ब्रेस गॅलरीत जपून ठेवलाय, ग्राहक आयोगात दाखवायला. फरशीवर त्याचा तांबडा डाग पडलाय, घरी रोज बोलणी खातोय. काल चिठ्ठी पुन्हा नीट बघितली, तर तिच्यावर दुकानाचा शिक्काही नाही.